मक्याचं जनुक सापडलं, म्हणजे काय सापडलं?

वर्षातून दोन-तीनदा तरी ही बातमी येते. मक्यातलं दुष्काळ सोसणारं जनुक सापडलं, प्रथिनं वाढवणारं सापडलं, जास्त दाण्यांचं सापडलं. मथळा बदलतो, साचा तोच. वाचणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते विजेच्या बोर्डाचं: दर गुणाला एक बटण, आणि शास्त्रज्ञ चाचपडत एकेक बटण हुडकून काढताहेत. सगळी हाती आली की हवा तसा मका पेरायचा. हे चित्र एकट्या बातमीदाराने काढलेलं नाही. संशोधनाच्या अनुदानाचे अर्ज, बियाणे कंपन्यांची माहितीपत्रकं आणि शाळेत घोकलेले मेंडेलचे वाटाणे, सगळ्यांनी त्यात रंग भरलाय.

हे चित्र नुसतं ढोबळ असतं तर चाललं असतं. ते उलटं आहे. गेल्या शंभर वर्षांत मक्याच्या अभ्यासातून जे खरोखर मोठं हाती लागलं ते हे, की गुण जनुकात भरून ठेवलेला नसतो. जनुक कधी आणि किती चालतं, कोणत्या जनुकांच्या संगतीत चालतं, आणि रोप कोणत्या शेतात, कोणत्या रोगाच्या आणि कोणत्या शेजाऱ्यांच्या मध्ये उभं आहे, यांतून तो घडतो. हे मानलं तर आणखी एक गोष्ट मानावी लागते: मक्याचं वैविध्य ज्यांच्या वावरात टिकलंय ती माणसं या विज्ञानाची लाभार्थी म्हणून रांगेत उभी करायची नाहीत, ती त्यातली भागीदार आहेत. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

एक : कणीस हीच हिशोबाची वही

आधी हे की, हा धडा मक्यानेच का दिला? कणीस सोलून ओळी मोजा. बारा भरतील, चौदा, सोळा. विषम आकडा सहसा मिळायचा नाही. कणीस घडताना फुलं जोडीने लागतात आणि जोडीतलं प्रत्येक फूल आपली ओळ धरतं, म्हणून. सोलताना वैतागून आपण जे केस ओढून टाकतो त्यांतला एकेक धागा एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यातला पराग त्या धाग्यावर पडून आत उतरला तरच तो दाणा भरतो. कणसात मध्येच बोडकी जागा दिसली तर तिथला धागा बहुधा पराग न मिळता राहिला. थोडक्यात, एका कणसावरचे चारपाचशे दाणे म्हणजे एका आईची चारपाचशे लेकरं, आणि दर लेकराचा बाप वेगळा असू शकतो. त्यातून रंग: पांढऱ्या मक्याच्या कणसात पिवळे दाणे उमटले की शेजारच्या वावरातून पराग आलाय, हे त्याच हंगामात डोळ्यांना दिसतं. आनुवंशिकतेची मोजणी इतकी उघड छापून देणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

म्हणूनच १९२०-३० च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात रॉलिन्स इमर्सन यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी मका धरला. बार्बरा मॅक्लिंटॉक, जॉर्ज बीडल, मार्कस ऱ्होड्स हे त्यांतलेच. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्याच गुणसूत्रांवर दाखवून दिलं की जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडे खरोखर बदललेले असतात. या मंडळींची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रसिद्ध न झालेले निष्कर्ष आणि बियाणं ते एकमेकांना सरळ पाठवून देत. त्यासाठी त्यांनी एक वार्तापत्र काढलं, आणि ते वाटलेलं बी सांभाळणारं केंद्र इलिनॉयमध्ये आजही चालू आहे.

दोन : गवताचा मका झाला तो कसा

मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नदीच्या खोऱ्यात टेओसिन्टे नावाचं रानगवत उगवतं. बुंध्यापासून फांद्याच फांद्या, त्यांवर बोटाच्या पेरांएवढी कणसं, कणसात पाच ते बारा दाणे, दर दाणा दगडासारख्या कवचात, आणि पिकला की गळून मातीत. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी याच्यातून मका घडवायला घेतला. दोघांची रूपं इतकी लांबची, की हे गवत मक्याचा पूर्वज आहे हे हार्वर्डचे पॉल मँगल्सडॉर्फ वर्षानुवर्षं मानायला तयार नव्हते. बीडल यांना मात्र खात्री होती. त्यांनी नोबेल घेतलं, शिकागो विद्यापीठाचं अध्यक्षपद सांभाळलं, आणि निवृत्तीनंतर पुन्हा शेतात उतरले. मका आणि टेओसिन्टेच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतली सुमारे ५० हजार रोपं वाढवली. पाचशेंत एखादं रोप थेट मक्यासारखं निघालं, एखादं थेट टेओसिन्टेसारखं. हिशोब मांडला तर मोठा फरक करणारी जनुकं चार-पाचच.

इथे बटणवाल्यांना चेव येतो. चार-पाच बटणंच होती ना? पण त्यांतलं सगळ्यात गाजलेलं बटण उघडून पाहा. जॉन डोब्ली यांच्या गटाने फांद्या आवरणारं 'टीबी-१' हे जनुक पकडलं. फरक त्याच्या प्रथिनात नव्हता. जनुकापासून डीएनएची सुमारे ६० हजार अक्षरं लांब, एरवी कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं अशा जागी 'हॉपस्कॉच' नावाचा, जागा बदलू शकणारा एक उडता तुकडा येऊन बसला होता, आणि त्याच्यामुळे जनुकाचं काम जवळपास दुपटीवर गेलं होतं. माणसाने मक्याला हात लावण्याच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून तो रानगवतात फिरत होता. कोणीतरी कमी फांद्यांचं रोप पाहिलं आणि त्याचं बी राखलं, इतकंच. आणि मक्याचा हा भाग टेओसिन्टेत आणून बसवला तर टेओसिन्टेचा मका होत नाही. परिणाम फिका पडतो; पूर्ण रूप यायला तिसऱ्या गुणसूत्रावरच्या आणखी एका भागाची साथ लागते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर उलट उदाहरणही आहे. दाण्याभोवतीचं कवच उघडणाऱ्या 'टीजीए-१' मध्ये प्रथिनाचाच एक दुवा बदललेला आहे. तेव्हा सगळे बदल जनुकाबाहेरच होतात, असं माझं म्हणणं नाही. पण हे जनुकही इतर जनुकांवर हुकूम चालवणारंच आहे.

२०२३ मध्ये या वंशावळीत आणखी एक पान जोडलं गेलं. आजच्या मक्याचा सरासरी १८ टक्के जनुकसंच डोंगराळ भागातल्या दुसऱ्याच टेओसिन्टेकडून आलेला आहे. लागवड सुरू झाल्यावर काही हजार वर्षांनी हा संकर झाला, आणि त्यानंतरचाच मका जगभर पोचला. बांधावरच्या गवताला शेताबाहेर न काढणारे शेतकरी होते म्हणून हे घडू शकलं.

तीन : मॅक्लिंटॉक यांचा दुर्लक्षित शब्द

१९४० च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरला मॅक्लिंटॉक ठिपक्यांचे दाणे न्याहाळत होत्या. एकाच दाण्यावर रंगाचे आणि बिनरंगाचे डाग का पडतात, या साध्या प्रश्नातून त्या पोचल्या ते जागा बदलणाऱ्या जनुक-तुकड्यांपाशी. १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, एकट्यांना नोबेल मिळालं. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे: बाईंवर कोणी विश्वास ठेवला नाही, शेवटी त्या खऱ्या ठरल्या. मला ही गोष्ट अर्धवट वाटते. मक्यात तुकडे हलतात हे त्यांच्या क्षेत्रातल्या बहुतेकांनी मान्य केलं होतं. गळी उतरला नाही तो त्यांचा दुसरा दावा. त्या या तुकड्यांना 'नियंत्रक घटक' म्हणत. ते इतर जनुकांना चालू-बंद करतात आणि त्यातून रोप घडतं, हे त्यांना सांगायचं होतं. नोबेल मिळालं ते 'उडणाऱ्या'बद्दल. 'नियंत्रक' हा शब्द बाजूलाच पडला. रोपाचा सगळा विकास अशा तुकड्यांवर चालतो हे त्यांचं म्हणणं टिकलं नाही हे खरं. पण हॉपस्कॉच बसलेली जागा पाहिल्यावर तो शब्द पुन्हा हातात घ्यावासा वाटतो.

२००९ मध्ये 'बी-७३' या वाणाचा जनुकसंच वाचला गेला. सुमारे २३० कोटी अक्षरं, ३२ हजारांच्या आसपास जनुकं, आणि जवळपास ८५ टक्के भाग या उडत्या तुकड्यांचा. हा सगळा ऐवज उपयोगाचाच आहे असं कोणी म्हणालं तर त्यालाही अडवायला हवं, कारण बराचसा भाग नुसता स्वतःच्या प्रती काढत बसलेला आहे. पण कोणता तुकडा निरुद्योगी आणि कोणता पुढच्या दुष्काळात कामाला येईल, हे आधी सांगता येत नाही. २०२१ मध्ये २६ वाणांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सगळ्यांत मिळून १ लाख ३ हजारांवर जनुक-गट निघाले. जवळपास सगळ्या वाणांत आढळणारे गट त्यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे 'मक्याचा जनुकसंच' ही एकवचनी वस्तूच नाही.

चार : उत्पादनाचं जनुक कुठे राहतं?

शेतकऱ्याला हवं असतं उत्पादन, आणि बटणाचं चित्र तिथेच सगळ्यात जास्त फसतं. साधा फुलोऱ्याचा काळ घ्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने आठ वेगवेगळ्या परिस्थितींत मिळून जवळजवळ दहा लाख रोपं तपासली. तुरा लवकर की उशिरा हे ठरवणारं एकही मोठं जनुक त्यांना मिळालं नाही. लहान लहान परिणामांचे डझनावारी भाग मिळाले. इलिनॉयमध्ये १८९६ पासून एकच प्रयोग चालला: दर पिढीत जास्त तेलाची कणसं निवडायची आणि पेरायची. साधारण ५ टक्क्यांवरून तेल २० टक्क्यांच्या घरात गेलं आणि शंभर पिढ्यांनंतरही निवडीला दाद मिळत राहिली. तेलाची दोन-चार बटणं असती तर दहा-वीस पिढ्यांत खेळ आटोपला असता.

बटणं शोधण्यात ज्यांचे पैसे गुंतलेत त्यांचाच हिशोब पाहा. कॉर्टेवा या बियाणे कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आपल्या अनेक वर्षांच्या कामाचा ताळेबंद मांडला. मक्याचं उत्पादन आणि तत्सम गुण सुधारावेत म्हणून १६७१ जनुकं शेतात उतरवून तपासली होती. पुढे न्यावीत अशी उरली २२. हा आकडा उघड केल्याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं. मथळे मात्र त्या १६७१ पैकी कशाचेही होऊ शकले असते.

मग अमेरिकेत १९३० च्या दशकात हेक्टरी दीड टनाच्या आसपास असलेला मका आज ११ टनांच्या घरात कसा पोचला? डोनाल्ड डुविक यांनी जुने-नवे संकरित वाण एकाच शेतात शेजारी शेजारी लावून पाहिले. एकेका रोपाला मोकळी जागा दिली तर नवा वाण जुन्यापेक्षा फारसा पुढे जात नाही. दाटी केली की जुना वाण वांझ राहतो, लोळतो, नवा टिकतो. हेक्टरी ३० हजार रोपांवरून ८० हजारांवर जाता आलं ते यामुळे. गुण सुधारला तो शेजारी सोसण्याचा. तो एका रोपाच्या पोटात शोधून सापडणारच नाही, कारण एकटं रोप तो दाखवतच नाही.

पाच : ओपेक-२, आणि प्रकाशाचं टेबल

बटणाच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणून ओपेक-२ ला उभं करतात. मलाही तोच साक्षीदार हवा आहे. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी. ज्यांचं पोट मक्यावरच चालतं त्यांची पोरं त्यामुळे खुरटतात. १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, लिन बेट्स आणि ऑलिव्हर नेल्सन यांना दिसलं की ओपेक-२ दोष असलेल्या दाण्यात लायसिन जवळपास दुप्पट असतं. एक जनुक, एक गुण, कुपोषणावर उपाय. भारतात १९७१ मध्ये शक्ती, रतन, प्रोटीना हे तीन वाण बाहेर पडलेसुद्धा.

ते चालले नाहीत. दाणा खडूसारखा मऊ, वजनाला हलका, उशिरा वाळणारा. त्यात सोंडे आधी शिरायचे, बुरशी आधी लागायची. कारण ओपेक-२ हे लायसिनचं जनुक नव्हतंच. ते होतं दाण्यातल्या मुख्य प्रथिनाची जनुकं चालू करणारं जनुक, आणि तेच मोडलेलं. मुख्य प्रथिन घटलं म्हणून बाकीच्यांचं प्रमाण वाढलं, पण दाण्याचा काचेसारखा कडकपणाही त्याच मुख्य प्रथिनावर उभा होता. 'लायसिनचं जनुक' म्हणून ज्याचा गवगवा झाला तो घरातला कर्ता माणूस आजारी पडल्याचा प्रकार होता.

मार्ग काढला तो मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू केंद्रात, भारतातून तिकडे गेलेले सुरिंदर वासल आणि रसायनतज्ज्ञ इव्हँजेलिना विलेगास यांनी. पद्धत पाहण्यासारखी आहे. खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावर दाणे पसरायचे. मऊ दाणा काळा दिसतो. ज्याच्यातून थोडा उजेड पार होतो तो वेचून घ्यायचा. प्रयोगशाळेत त्याचं लायसिन मोजायचं, ते टिकलं असेल तरच पुढच्या हंगामात पेरायचा. अशी वर्षानुवर्षं निवड करून त्यांनी इतर लहान-लहान सहायक जनुकं एकत्र आणली, आणि दाणा पुन्हा कडक झाला. २००० मध्ये दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संस्थेने डीएनएवरच्या खुणांच्या मदतीने निवड करून २००८ मध्ये 'विवेक क्यूपीएम ९' आणला. तिथे नवं तंत्र खरोखर कामी आलं: कोणता दाणा ठेवायचा, याचा निर्णय कित्येक हंगाम लवकर घेता आला.

आणि तरीही अशा मक्याला बाजारात फारसं कोणी विचारत नाही. आपल्याकडचा बहुतेक मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चला आणि आता इथेनॉलला. खाद्यात लायसिन वेगळ्या पोत्यातून टाकता येतं, मग दाण्यातल्या लायसिनला जादा भाव कोण देणार? बाजार समितीच्या काट्यावर वजन आणि ओल मोजतात. तेव्हा या गुणाचं शेवटचं बटण कुठे होतं, गुणसूत्रावर की काट्यावर?

सहा : आक्षेप

पहिला आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेतो. नाशिक-जळगावकडचा मका उत्पादक म्हणेल, तुमचं तत्त्वज्ञान राहू द्या, हायब्रीडने क्विंटल वाढले की नाही? वाढले. संकराचा जोम ही विसाव्या शतकातली मोठीच गोष्ट. पण जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये ती मांडली तेव्हा एकही जनुक कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि तो जोम नेमका येतो कशातून यावर आजही एकमत नाही. वाढलेले क्विंटल हे बटणाच्या चित्राचा पुरावा ठरत नाहीत. शिवाय त्या यशाची दुसरी बाजू १९७० ने दाखवली. संकरित बी बनवताना आईच्या ओळीचे तुरे हाताने खुडावे लागतात. ती मजुरी वाचावी म्हणून अमेरिकेत पराग न धरणारी 'टेक्सास' पेशीद्रव्याची आई वापरात आली, आणि देशातल्या सुमारे ८५ टक्के मक्यात तीच पसरली. त्या वर्षी करप्याच्या बुरशीची एक नवी जात आली आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. नंतर कळलं ते असं: परागवंध्यत्व आणणारं जे एक प्रथिन होतं, तेच बुरशीच्या विषाला पेशीत वाट करून देत होतं. एकच जनुक, पंधरा-वीस वर्षं मजुरी वाचवणारा गुण म्हणून मिरवलं आणि एका उन्हाळ्यात रोगाचा दोष ठरलं. जनुकात काहीच बदललं नव्हतं, बुरशी बदलली होती.

दुसरा आक्षेप जनुक-संपादनाचा: आता हवं ते अक्षर दुरुस्त करता येतं, मग हे सगळं जुनं झालं. मी या तंत्राच्या विरोधात नाही. पण त्याचं मक्यातलं एक चांगलं उदाहरण पाहा. २०१७ मध्ये 'आर्गॉस-८' या जनुकाच्या पुढे मक्याच्याच दुसऱ्या एका जनुकाची कळ बसवली, आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला तरी उत्पादन काहीसं जास्त मिळालं. जनुक तेच, कळ बदलली. तंत्र जितकं नेमकं होत जातं तितकं ते माझंच म्हणणं पुढे नेतं. नेमकं काय दुरुस्त करायचं, हे त्या कात्रीला कळत नाही. ते कळतं वेगवेगळे वाण शेजारी ठेवून. २०१९ मध्ये पानं उभी धरणारा आणि दाटीत उपयोगी पडणारा एक भाग सापडला तो टेओसिन्टेत. २०२२ मध्ये प्रथिनं वाढवणारा 'टीएचपी-९' सापडला तोही टेओसिन्टेत. दोन्ही, मका घडवता घडवता आपण हरवलेले.

तिसरा आक्षेप: वैविध्य हवंच असेल तर बी गोठवून ठेवा, सिमिटच्या पेढीत सुमारे २८ हजार नमुने आहेतच. पेढी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मका परपरागी आहे. एका वाणाचं बी ताजं करायचं तर शेकड्याने रोपं लावून हाताने परागण करावं लागतं, आणि कमी रोपांवर भागवलं की वाणातलं वैविध्य दर फेरीला थोडं गळतं. त्याहून मोठी अडचण अशी, की गोठवलेल्या बियाला २०१८ मध्ये भारतात शिरलेल्या लष्करी अळीची ओळख होत नाही.

सात : ओआहाकाचा चिकट मका आणि सातपुडा

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात टोटोन्टेपेक गावाच्या परिसरात मिहे लोक एक उंच मका लावतात. जमिनीच्या वर खोडाला मुळ्यांचे झुबके फुटतात आणि पावसाळ्यात त्यांतून घट्ट चिकट रस टपकतो. त्या रसातल्या साखरेवर जिवाणू जगतात आणि हवेतला नत्र बांधतात. २०१८ मध्ये मोजमाप प्रसिद्ध झालं: त्या शेतांत रोपाला लागणाऱ्या नत्रापैकी २९ ते ८२ टक्के हवेतून येतो. युरियाच्या पोत्यावर जगणाऱ्या शेतीला हा आकडा झोप उडवणारा आहे. लगेच विचारलं गेलं, नत्राचं जनुक कोणतं? पण तो गुण मुळ्यांत, रसात, जिवाणूंत आणि तिथल्या ढगाळ, ओल्या डोंगरात मिळून आहे. शिवाय गावाने आठ महिने उभं राहणारं पीक पिढ्यान्‌पिढ्या सोडलं नाही, म्हणून तो उरला. संशोधकांनी गावाशी लाभवाटपाचा करार केला, लाभवाटपाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नागोया कराराखाली त्याची नोंद झाली. तो करार पुरेसा आहे का यावर वाद आहे आणि असायलाच हवा. पण देवाणघेवाण दोन पक्षांत होते, एवढं तरी तिथे कागदावर आलं.

आपल्याकडे सातपुड्यात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात भिल्ल-पावरा कुटुंबं अजून आपला पांढरा-पिवळा मका भाकरीसाठी लावतात. बियाण्याची कणसं पानांसकट बांधून चुलीवर धुरात टांगलेली असतात, म्हणजे सोंडा लागत नाही. त्यासाठी कणीस निवडताना पानं टोकापर्यंत घट्ट मिटलेली आहेत ना, हेही पाहिलं जातं. पावसात भिजणाऱ्या आणि पाखरं बसणाऱ्या वावरात हा गुण उत्पादनाइतकाच महत्त्वाचा आहे. खाद्य कारखान्यासाठी मका लावणाऱ्या सपाट प्रदेशात त्याची गरज पडत नाही, म्हणून त्याच्या जनुकाचा मथळा अजून कुठे आलेला नाही. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात असे वाण शेतकऱ्यांच्या आणि गावांच्या नावाने नोंदवण्याची सोय आहे. नोंदणीच्या अर्जात वाणाचं वेगळेपण लिहावं लागतं, आणि ते भाकरी थापणाऱ्या आणि कणसं टांगणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय भरता येण्यासारखं नाही.